कानसलेला एक मिलिमीटर

आमच्या दुकानाच्या पाटीवर 'घड्याळ दुरुस्ती' असं लिहिलंय आणि पाटीखाली मी बसतो, त्यामुळे घड्याळं मी दुरुस्त करतो असा लोकांचा समज आहे. तो मी मोडत नाही. दुकान सासऱ्यांचं, हात बायकोचा आणि तोंड माझं, अशी आमची वाटणी. ती आतल्या खोलीत खिडकीपाशी डोळ्याला भिंग लावून बसते. मी बाहेर काउंटरवर बसून गिऱ्हाइकाला त्याचं घड्याळ का बंद पडलं ते पाऊण तास समजावून सांगतो. तोवर ते आत सुरूही झालेलं असतं.

पूर्वी मीही आतच बसायचो. सहा वर्षांपूर्वी माझा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, जिवाला काही धोका नाही, फक्त बारीक कामं जमणार नाहीत. घड्याळजीला बारीक कामं सोडून दुसरी कामं असतात अशी त्यांची समजूत असावी.

आणि याच हाताचा मी, शहरातल्या शस्त्र परवानाधारक संघटनेचा प्रमुख वक्ता होतो. हसू येत असेल तर हसून घ्या, मी थांबतो.

माझ्याकडचं रिव्हॉल्व्हर मुळात माझं नव्हे, चुलत्यांच्या मागे माझ्याकडे आलेलं. ते वस्तीपासून दूर एका बागेची देखरेख करायचे. एकदा भरदुपारी तीन माणसं कुऱ्हाड घेऊन घरात शिरली. चुलत्यांनी हवेत एक गोळी झाडली आणि ती माणसं पळाली. पोलीस पोचले ते अडीच तासांनी. चुलती त्यानंतर एकवीस वर्षं जगली. हा प्रसंग मी इतक्यांदा सांगितलाय की ती गोळी मीच झाडली असं मला कधीकधी वाटायचं. प्रत्यक्षात मी आयुष्यात एकही गोळी झाडलेली नाही. संघटनेच्या नेमबाजीच्या सरावाला मी काही ना काही कारण काढून जात नसे. या हाताने नेम धरला असता तर सदस्यसंख्या कमी झाली असती.

मासिक सभा मात्र मी कधी चुकवली नाही. पहिल्या सोमवारी संध्याकाळी आम्ही पंधरा-वीस जण जमायचो. अध्यक्ष एका गोदामाचे निवृत्त व्यवस्थापक होते. ते प्रास्ताविक करायचे आणि मग मी उभा राहायचो. माझं एक ठरलेलं वाक्य होतं: "माझ्या घरात शस्त्र आहे, म्हणून माझं कुटुंब निर्धास्त झोपतं." त्यावर टाळ्या ठरलेल्या. माझं कुटुंब म्हणजे एकटी बायको. तिला काय वाटतं, हे विचारायचं मला कधी सुचलं नाही. तिच्या वतीने मी बोलतोच आहे, मग तिने वेगळं काय बोलायचं, असा माझा हिशेब.

विरोधी पक्ष आमच्या काउंटरवरच यायचा. जवळच्या शाळेतल्या एक बाई, म्हणजे शिक्षिका, त्यांचं मनगटी घड्याळ वर्षातून दोनदा बंद पडायचं आणि आमचा वाद तेवढ्या वेळा रंगायचा. त्या विचारायच्या, तुमच्या घरी चोर किती वेळा आला? मी म्हणायचो, एकदाही नाही, म्हणजे बघा शस्त्राचा किती धाक. त्या म्हणायच्या, माझ्याही घरी आला नाही, माझ्याकडे तर कुलूपही धड नाही. मग मी हक्काचा मुद्दा काढायचो. सरकारवर विसंबून राहायचं की स्वतःवर, हे ज्याचं त्याने ठरवावं. बाई म्हणायच्या, ठरवा की, पण घरातल्या बाकीच्यांना विचारून ठरवा. आतून घड्याळ दुरुस्त होऊन यायचं आणि वाद तिथेच थांबायचा. आमची ही आतून कधी एका शब्दाने मध्ये पडली नाही.

यंदा नवा नियम आला. परवान्याचं नूतनीकरण करायचं तर दोन गोष्टी हव्यात. एक, सरकारमान्य कारागिराकडून शस्त्राची तपासणी. दुसरी, घरातल्या प्रत्येक प्रौढ माणसाची अर्जावर सही, की या शस्त्राला माझी हरकत नाही. संघटनेत आग भडकली. बायकोची सही आणायची, उद्या सासूची मागतील, असं एकेक जण तावातावाने बोलायला लागला. नियम कायम करण्यापूर्वी शुक्रवारी नगर सभागृहात जाहीर सुनावणी होती आणि आमच्या बाजूने बोलायचं मी. अकरा पानी भाषण लिहिलं. त्याला वजन यावं म्हणून मी ठरवलं की आपले कागद आधी पुरे करायचे. बघा, माझ्या घरून सही आहे, तपासणी झाली आहे, तरीही मी म्हणतो की हा अपमान आहे, असं छातीठोकपणे सांगता आलं पाहिजे.

अर्ज हिच्यापुढे ठेवला. ती म्हणाली, हातातलं काम होऊ दे. दहा दिवस हातातलं काम होत नव्हतं. अर्ज स्प्रिंगांच्या डब्याखाली होता तिथेच होता. मी समजलो, बायकांना कागदपत्रांचा कंटाळा असतो.

बुधवारी मी रिव्हॉल्व्हर तपासणीला नेलं. कारागीर म्हातारे, सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. त्यांनी ते हातात घेतल्या घेतल्या माझी तारीफ केली. बाहेरून आरशासारखं ठेवलंय म्हणाले. मी फुगलो. दर रविवारी मी घड्याळाचं तेल लावून, मऊ फडक्याने पुसून ते पेटीत ठेवायचो. आतलं काही कधी उघडलं नाही, कारण उघडायला स्थिर हात लागतो.

उस्तादांनी बाजूची पट्टी उघडली, आत पाहिलं, मग चष्मा बदलून पुन्हा पाहिलं. घोडा पडल्यावर जी छोटी पिन पुढे जाऊन गोळीवर आदळते, ती त्यांनी काढून माझ्या तळहातावर ठेवली. म्हणाले, एक मिलिमीटर कमी आहे. कुणीतरी कानसली आहे. गोळीपर्यंत पोचतच नाही, हे रिव्हॉल्व्हर चालणार नाही.

"काम मात्र काय सुबक आहे," ते म्हणाले. "टोक कापून दगडावर गोल करून घेतलंय. नुसतं बघून कळायचंही नाही. कोणी केलं?"

काढलेली पट्टी टेबलावर उलटी पडली होती आणि तिच्या आतल्या बाजूला सुईने कोरलेली बारीक अक्षरं होती. आमच्या धंद्यात एक रीत आहे. घड्याळ उघडलं की झाकणाच्या आतून तारीख आणि आपली खूण कोरायची, म्हणजे पुढच्या कारागिराला कळतं की आधी कुणी आणि केव्हा हात लावला. सासऱ्यांची खूण त्रिकोण होती, माझी दोन रेघा. इथे एक लहानसं वर्तुळ होतं आणि मध्ये टिंब. एवढं चोरून केलेलं काम, आणि तिथेही हिने सवयीने तारीख घातली होती. असला चोर फक्त घड्याळजींच्यात निघायचा.

तारीख वाचली आणि मी उस्तादांच्या स्टुलावर बसलो.

सहा वर्षांपूर्वीचा शुक्रवार होता तो. त्याच्या तीन दिवस आधी, मंगळवारी दुपारी, मी पोटमाळ्यावर गेलो होतो. हात थरथरायला लागून तीन महिने झाले होते. सकाळी एका गिऱ्हाइकाच्या घड्याळाचं चक्र माझ्या चिमट्यातून तिसऱ्यांदा पडलं आणि हिने ते माझ्यापुढून उचलून स्वतःपुढे ठेवलं. दुपारी मी वर जाऊन पेटी उघडली आणि रिव्हॉल्व्हर मांडीवर घेऊन बसून राहिलो. चोर येणार म्हणून नव्हे. मग खालून हिची हाक आली, की अहो, गिऱ्हाईक आलंय, जरा पट्टे दाखवता का. मी पेटी बंद करून खाली आलो तर दुकान रिकामं. थांबलं नाही, ही म्हणाली. त्यानंतर मी काउंटरवर बसायला लागलो, बोलायला लागलो, संघटनेत गेलो, आणि तो मंगळवार मी असा पुरून टाकला की त्यावर भाषणांचा डोंगर उभा राहिला. कुणाला काही माहीत नाही, अशी माझी पक्की खात्री होती.

उस्तादांनी सांगितलं, नवी पिन अर्ध्या तासात बसेल, बसवू का? मी म्हटलं, घरी विचारून सांगतो. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा बोललो असेन.

दुकानात परतलो तेव्हा ही एका जुन्या टेबल-घड्याळात वाकलेली होती. मी पिन तिच्यासमोरच्या पांढऱ्या कागदावर ठेवली. तिने भिंग काढलं नाही. भिंगातूनच पिन पाहिली.

"त्या मंगळवारी गिऱ्हाईक कोण आलं होतं?" मी विचारलं.

"कुणी नाही," ती म्हणाली. "मी जिन्याखाली उभी होते. वर यायचं धैर्य होईना, म्हणून हाक मारली."

मला राग यायला हवा होता, निदान भाषण तरी सुचायला हवं होतं. मला लाज वाटली. इतकी की मी तिच्याकडे बघू शकेना. विचारलं, मग सरळ सांगितलं का नाहीस, की ते घरातून काढा म्हणून?

"सांगितलं असतं तर तुम्ही मला चुलत्यांची गोष्ट सांगितली असती."

हे अगदी खरं होतं. वर हक्काचाही मुद्दा काढला असता. मी म्हटलं, आता मी बरा आहे. ती म्हणाली, दिसतंय मला. मी म्हटलं, मग नवी पिन बसवली तर सही करशील? तिने भिंग काढून टेबलावर ठेवलं. ती हो म्हणेल अशी मला आशा होती, हे कबूल करतो. इतकं होऊनही होती.

"नाही," ती म्हणाली. "तुमच्यावर विश्वास आहे माझा. पण त्या मंगळवारच्या सकाळीही होता."

शुक्रवारी सभागृह भरलं होतं. अध्यक्षांनी माझ्या पाठीवर थाप मारली. शिक्षिका बाई समोरच्या बाजूला टिपणं काढून तयार होत्या. माझं नाव पुकारल्यावर मी अकरा पानं घेऊन उभा राहिलो आणि हात असा थरथरू लागला की पानं ध्वनिक्षेपकातून फडफडली. लोकांना वाटलं, मी संतापलो आहे. पानं खाली ठेवली. म्हटलं, दूर एकट्या राहणाऱ्या माणसाला शस्त्राचा हक्क असावा असं मला आजही वाटतं, माझ्या चुलत्यांमुळे वाटतं. पण सहीच्या रकान्याला माझा विरोध नाही. माझ्या घरातलं शस्त्र सहा वर्षांपूर्वी माझ्या बायकोने गुपचूप निकामी केलं, आणि ते चोराला घाबरून केलं नाही, मला घाबरूनही नाही. माझ्यासाठी घाबरून केलं. मी जिवंत उभा आहे त्यात तिचा हात आहे. एवढंच.

टाळ्या पडल्या नाहीत. बाईंनी आपली टिपणं पर्समध्ये ठेवली आणि आपल्याला काही म्हणायचं नाही असं सांगितलं. सहा वर्षांच्या वादात हा माझा पहिला विजय, आणि तो मी त्यांच्या बाजूने मिळवला. बाहेर अध्यक्ष म्हणाले की घरातल्या गोष्टी घरात ठेवाव्यात. मग त्यांनी मला बाजूला घेऊन खालच्या आवाजात विचारलं, पिन कानसल्यावर बाहेरून खरंच कळत नाही का? मी म्हटलं, नाही. ते घाईघाईने घरी गेले.

शनिवारी मी रिव्हॉल्व्हर पोलीस ठाण्यात जमा केलं. तिथल्या हवालदाराने कारण विचारलं, मी 'घरगुती' सांगितलं, त्याने तसंच लिहिलं. पावती आणून हिला दिली. तिने ती दोनदा वाचली, घडी केली आणि अर्ज होता त्याच डब्याखाली ठेवली. मग हातातलं घड्याळ बाजूला सारून ती रडायला लागली. सहा वर्षांपूर्वी, त्या मंगळवारनंतरही, ती रडली नव्हती. मी तिच्या शेजारी स्टूल ओढून बसलो. बऱ्याच वेळाने तिने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "आता मला वर जाऊन बघायला नको."

काय बघायला, मी विचारलं.

"तुम्ही नवी पिन तर नाही ना बसवली, ते. महिन्यातून एकदा उघडून मोजायचे. तुम्ही सोमवारी सभेला गेलात की."

मी हिशेब केला. सहा वर्षांच्या बाहत्तर सभा. मी एकही चुकवली नव्हती.