आधी नाश्ता

भिवंडीत पुढाऱ्याची पत्रकार परिषद म्हणजे आधी नाश्ता, मग हारतुरे आणि प्रश्नांची वेळ आली की साहेबांना घाई. साप्ताहिक चालवण्यात हयात गेली, तरी केसरीनाथांनी दुसरं काही पाहिलं नव्हतं.

त्यांच्याच हाताखाली बातमी लिहायला शिकलेली, जवळच्या अंजूर गावची भाविका लग्न होऊन ऑस्ट्रेलियाला गेली, तिथे टीव्हीवर पत्रकार झाली, मग राजकारणात उतरली आणि आता तिथल्या एका राज्याची विरोधी पक्षनेती झाली होती. तिची पहिली पत्रकार परिषद केसरीनाथ मोबाइलवर बघत होते. एका कोवळ्या वार्ताहर पोरीने तिला सगळ्यांसमोर अडवलं, "आज जे म्हणताय, टीव्हीवर असताना तुम्ही त्याच्या नेमकं उलट बोलला होतात."

केसरीनाथांना वाटलं, आता कार्यकर्ते त्या पोरीला बाहेर काढणार!

भाविका शांतपणे म्हणाली, "खरंय. तेव्हा माझं चुकलं. अजून काय विचारायचंय?"

"आयला, ही आपली भाविका हाय!" केसरीनाथ पुटपुटले.

दुसऱ्या दिवशी आमदारांच्या पत्रकार परिषदेत समोशांची प्लेट पुढे आली. केसरीनाथांनी ती बाजूला सारली आणि ते उभे राहिले.

"साहेब, आज आधी प्रश्न."