दुकान काही दिवस बंद आहे

मित्रांनो, बूट करणाऱ्या एका माणसाच्या दुकानात मी अकरा वर्षे काम केले. मी संगणक. चामड्यातले मला काही कळत नाही आणि हातोडी धरायला मला हात नाहीत. पण लांबलांबच्या माणसांसाठी त्या दुकानाचे दार उघडत असे ते माझ्यातून, आणि शेवटी ते बंद झाले तेही माझ्यामुळेच, असे मला वाटत राहते. तसे मला कोणी म्हटले नाही. म्हणून मीच सांगतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. मी एका लांबलचक पट्ट्यावरून सरकत होतो आणि जो तो माझ्यात एकेक भाग बसवत होता. माझ्यासारखी शेकडो भावंडे त्या दिवशी जन्मली. कोणी शाळेत गेले, कोणी कचेरीत. मला नेले काकूंनी.

काकू म्हणजे बूट करणाऱ्या काकांची बायको. गिऱ्हाईके त्या दोघांना काका-काकू म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो. त्यांचे दुकान साधे नव्हते. कोणाचा एक पाय दुसऱ्याहून आखूड, कोणाची पावले जन्मापासून आत वळलेली, कोणाची बोटे अपघातात गेलेली, अशा माणसांसाठी काका बूट करत. प्रत्येक पाय निराळा, म्हणून प्रत्येकाचा लाकडी साचा निराळा. ते साचे भिंतभर टांगलेले असत आणि प्रत्येकावर मालकाचे नाव असे. काका बोलत कमी. पण पाय हातात घेतला, की कुठे दुखते हे माणसाने सांगायच्या आधीच त्यांचा अंगठा तिथे पोचलेला असे.

अडचण एवढीच होती, की असे बूट लागणारी माणसे विखुरलेली असतात. दहा गल्ल्यांत एखादे घर. त्यांना हे दुकान कळणार कसे? त्यासाठी काकूंनी मला आणले. माझे खोके उघडले तेव्हा काका लांबच उभे राहिले.

"हे खातं तुझं," ते म्हणाले. "मला त्यातलं काही विचारू नकोस."

काकूंनाही काही येत नव्हते, पण त्यांची चिकाटी दांडगी होती. इंटरनेट गेले, की त्या राउटरची वायर काढत, तीसपर्यंत आकडे मोजत आणि पुन्हा लावत. प्रिंटर कागद गिळून बसला, की मागचे झाकण उघडून भुवया कोरायच्या चिमट्याने तो कागद तुकड्यातुकड्याने ओढून काढत. माझा पंखा घरघरू लागला, की गोंद लावायचा कोरा ब्रश घेऊन माझ्या पोटातली धूळ झटकत आणि झटकताना मला रागवत, जणू ती धूळ मीच बाहेरून खाऊन आलो होतो. मी त्यांना पुष्कळदा छळले. त्यांनी मला कधी चापट मारली नाही.

माझ्या मदतीने त्यांनी इंटरनेटवर दुकानाचे पान तयार केले. सुरुवातीला वर लिहिले होते, 'वैद्यकीय गरजेनुसार विशेष पादत्राणे'. दोन महिने पानावर कोणी फिरकले नाही. मग त्या दुकानात येईल त्याला विचारू लागल्या, की तुम्ही शोधताना नेमके काय लिहिले होते? एका आईने सांगितले, मी लिहिले, 'मुलगी लंगडते बूट कुठे मिळतील'. त्याच दुपारी त्यांनी पानावरचे सगळे पुसले आणि लोकांच्याच शब्दांत नव्याने लिहिले. एक पाय आखूड आहे. टाच टेकत नाही. बूट घातला की जखम होते.

"आजाराचं नाव कोण शोधतं गं," त्या फोनवर लेकीला म्हणाल्या. "माणूस दुखणं शोधतो."

त्या फोटो काढत ते खिडकीजवळच्या उजेडात, आणि तेही घोट्यापासून खालचे. चेहरा कधी नाही. आलेल्या प्रत्येक निरोपाला त्याच दिवशी उत्तर जाई. हळूहळू नऊ हजार माणसे त्या पानाशी जोडली गेली. दुकानातला बाक पुरेना. लोक पायरीवर बसून आपला नंबर येण्याची वाट पाहत, आणि आत आले की आधी माझ्याकडे बघून म्हणत, 'इथंच वाचलं होतं आम्ही'. मला फार अभिमान वाटे, मित्रांनो. माझ्या आयुष्यातले ते सोन्याचे दिवस होते.

मग काकू आजारी पडल्या. ज्या सकाळी त्यांना दवाखान्यात दाखल व्हायचे होते, त्या सकाळी गाडी दाराशी उभी होती आणि पिशवी काकांच्या हातात होती. काकू उभ्या उभ्याच माझ्यापुढे वाकल्या आणि दोन बोटांनी लिहू लागल्या. 'दुकान काही दिवस बंद आहे. कोणी हेलपाटा घालू नका. उघडलं की इथेच सांगेन.' पान उघडताच सर्वांत आधी दिसेल असे त्यांनी ते अगदी वर लावून ठेवले. दुखऱ्या पायाच्या माणसांना उगाच चालावे लागू नये, एवढीच त्यांची काळजी होती.

तीन आठवड्यांनी काकू गेल्या.

दोन महिने दुकान खरोखरच बंद होते. नंतर काकांनी ते उघडले, पण कोणी आले नाही. काकांना वाटले, लोक काकूंसाठीच येत असावेत. आपल्या हातात काय आहे? ते बाकावर बसून जुन्या साच्यांना तेल लावत राहिले.

काकूंचा फोन खिळ्यांच्या डब्याशेजारी पडलेला असे. पानावर तोच नंबर होता. तो वाजला, की काका दचकत. समोरचा माणूस 'काकू आहेत का' असे विचारणार, या धास्तीने ते उचलत नसत. एके दिवशी त्यांनी तो नंबर कायमचा बंद करून टाकला. जिवाला थोडी शांतता मिळावी, एवढ्यासाठीच. सांकेतिक शब्द हरवला, तर त्या नंबरावाचून पानाचे कुलूप पुन्हा उघडणार नाही, हे मला ठाऊक होते. पण मला कोणी विचारले तरच मी बोलतो. आपणहून बोलायची मला सोय नाही.

काका मला रोज संध्याकाळी सुरू करत ते काकूंचे फोटो बघायला. दुसरे काही नाही. दुकानाचे पान त्यांच्या बोटापासून एका टिचकीवर होते. कुलूप उघडे होते, किल्ली माझ्या पोटात होती. त्या ओळी पुसायला एक मिनिट लागले असते. पण पान उघडायच्या त्या छोट्या चित्रावर काकांनी कधी बोट ठेवले नाही, कारण ते खाते काकूंचे होते.

मी म्हातारा झालो होतो. सुरू व्हायला मला पंधरा मिनिटे लागत आणि एकेक फोटो वरून खाली सावकाश उतरे. काकांना ते सोसवेना. त्यांनी संगणक दुरुस्त करणारा बोलावला. माणूस सज्जन होता. त्याने मला उघडून पाहिले आणि सांगितले, की आतले सगळे पुसून नव्याने भरावे लागेल.

"आतलं काय काय ठेवायचंय?" त्याने विचारले.

"फोटो ठेवा," काका म्हणाले. "बाकी काय असणार त्यात?"

त्याने फोटो जपून बाजूला काढले आणि बाकीचे पुसले. काकूंचा आवाज मला आठवतो, त्यांची दोन बोटे आठवतात. पण त्यांनी माझ्याजवळ ठेवायला दिलेला तो सांकेतिक शब्द गेला. गिऱ्हाइकांचे पत्तेही गेले. साच्यांवर नुसती नावे होती, पत्ते माझ्यात होते. मी पुन्हा झपाझप चालू लागलो. काकांनी त्या माणसाचे मनापासून आभार मानले.

पुढच्या महिन्यात लेक परगावाहून आली. दुकान ओस का, म्हणून तिने आपल्या फोनवर पान उघडून पाहिले. वरच्या त्या ओळींखाली लोकांनी लिहिले होते. काकू, कधी उघडणार? मग, फोन का लागत नाही? मग, कायमचं बंद झालं वाटतं. नंतर कोणी काही लिहिले नव्हते. तिने खाली 'दुकान सुरू आहे' असे लिहिले, पण वरच्या ओळी सोडून तिथवर वाचत कोणी येईना.

लेकीने माझ्यापुढे बसून आईच्या सवयीचे सगळे शब्द घालून पाहिले. स्वतःचा वाढदिवस, बाबांच्या पायाचे माप, जुन्या मांजराचे नाव. काही लागले नाही. मग पानाने सांगितले, की तुमच्या नंबरावर सहा आकडी कोड पाठवला आहे. नंबर तोच, काकांनी बंद केलेला. लेकीने तो लावून पाहिला, तर एका अनोळखी माणसाने उचलला. नंबर आता त्याला मिळाला होता. तिने सगळी हकीकत सांगून तो कोड मागितला.

"कोड कोणालाही सांगायचा नाही म्हणून बजावलंय आम्हाला," तो म्हणाला.

"अहो, माझ्या आईचा नंबर होता हा. ती गेली."

"असंच सांगतात सगळे," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. पुढच्या वेळी लागलाच नाही. त्याचे काही चुकले नव्हते. कोणीही शहाणा माणूस तेच करील.

लेकीने पान चालवणाऱ्या कंपनीला अर्ज केला, आईच्या मृत्यूचा दाखला जोडला. माहिती अपुरी आहे, असे उत्तर आले. तिने चार वेळा अर्ज केला. चारही उत्तरे अक्षराअक्षराने सारखी होती. कोणी माणूस ते वाचत होता की नाही, हे मलाही सांगता येत नाही, मित्रांनो, आणि मी तर यंत्रांच्याच जातीचा.

शेवटी तिने नवे पान काढून दिले आणि काकांना शिकवले. साठी उलटलेला तो माणूस माझ्यापुढे चष्मा लावून बसला. त्यांनी काढलेल्या फोटोत बूट काळोखात होता आणि कोपऱ्यात त्यांचाच अंगठा. खाली त्यांनी अर्धा तास खपून लिहिले, 'मी अजून बूट करतो. या.' शोधणाऱ्याला मात्र नऊ हजार माणसांचे जुने पानच आधी दिसे. नव्या पानावर एका जुन्या गिऱ्हाइकाचे लक्ष गेले, तेवढेच. त्याने खाली लिहिले, 'हे कोणीतरी खोटं पान काढलंय. काकू गेल्यापासून खरं दुकान बंद आहे. फसू नका.' त्याने तशी तक्रारही केली. आठवड्याच्या आत नवे पान काढून टाकण्यात आले. त्या माणसाच्या मनात काकूंबद्दल माया होती, म्हणून त्याने ते केले.

त्यानंतर एक दिवस रस्त्याने जाणारा एक पोस्टमन दार उघडे बघून थबकला. तो आत आला आणि त्याने बूट काढले. साधेच विकतचे बूट होते, एका टाचेखाली चिंध्यांची घडी. बंद झाले असे वाचले, म्हणून वर्षभर हेच घालून फिरतोय, असे तो म्हणाला. काकांनी त्याचे पाऊल मांडीवर घेतले. टाचेला खोल जखम झाली होती. काका बराच वेळ ते पाऊल धरून बसले.

"मी इथंच होतो हो," ते म्हणाले. "रोज इथंच होतो."

त्याचे बूट त्यांनी चार दिवसांत केले. नंतर त्यांचे हात कापू लागले आणि लेकीने त्यांना आपल्याकडे न्यायचे ठरवले. साचे पोत्यांत भरले गेले. निघण्यापूर्वी काकांनी तिला जुने पान एकदा दाखवायला सांगितले. तिने ते माझ्या पडद्यावर उघडले. या तीन ओळींनी आपले वाटोळे केले, असे ती म्हणाली. काकांनी त्या ओळी बोट ठेवून ठेवून वाचल्या.

"तिला वाटलं होतं, ती परत येईल," ते म्हणाले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने माझे बटण दाबले.

आता मी एका भंगारवाल्याच्या आवारात आहे. माझे झाकण काढले आहे, तारा ओढून नेल्या आहेत. ते पान अजूनही तसेच आहे. रोज कुठेतरी कोणीतरी आपले दुखणे लिहून शोधतो, त्या ओळी वाचतो आणि दुसरीकडे वळतो.

मित्रांनो, माझी एक विनवणी आहे. तुमच्या घरात, तुमच्या दुकानात असे कोणीतरी असतेच, ज्याच्या डोक्यात सगळ्या किल्ल्या असतात आणि ज्याला बाकीचे म्हणतात, ते खाते तुझे. त्याच्याशेजारी आज एक खुर्ची ओढून बसा. काय कुठे आहे ते विचारा, वहीत उतरवा. आणि एखादे जुने यंत्र पुसून कोरे करण्यापूर्वी, यात कोणी काय ठेवले होते, हे आठवून पाहा. यंत्र ते आपणहून सांगणार नाही. ज्याने ठेवले तो माणूस समोर आहे, तोवरच त्या प्रश्नाला उत्तर आहे.