सोडतीतली खुर्ची

कोर्टाची बातमीदारी शिकायला पोरं माझ्याकडे पाठवतात, आणि मी त्यांना आधी पळायला शिकवतो. मिनेगिशी या नव्या पोरीलाही तेच सांगितलं. "खुनाचा खटला आहे. एरवी न्यायाधीश आधी शिक्षा सांगतात, मग कारणं. 'शिक्षा शेवटी' म्हणाले, की समज फाशी. उठायचं, बाहेर पळायचं, ऑफिसला फोन लावायचा. दुसऱ्या पेपरचं कुणी पुढे गेलं, तर मला तोंड दाखवू नकोस."

"आणि कारणं कोण ऐकणार, हाबूसर?"

"मी. तुझ्याकडे अक्कल मागितली नाही, पाय मागितलेत."

प्रत्येक पेपरला राखीव खुर्ची एकच. उरलेल्या जागांसाठी कोर्ट सोडत काढतं; दुसरी खुर्ची हवी तर लोकांबरोबर त्या सोडतीत नंबर लागला पाहिजे. त्यासाठी आम्ही सकाळपासून चाळीस भाड्याची माणसं रांगेत उभी केली होती. सगळेच पेपर करतात, आम्ही काही जगावेगळं केलं नाही. एक चिठ्ठी लागली. ती मिनेगिशीच्या हातात कोंबून मी आत जाऊन बसलो.

आणि माझ्या शेजारी येऊन बसली कोण, तर आरोपीची आई! नोझावाबाई. दोन वर्षं हिच्या दारात आमचेच कॅमेरे होते, ओळखणार नाही होय? माझं टाळकंच सरकलं. दाराच्या छोट्या काचेतून मिनेगिशी दिसली. कार्टीची मानसुद्धा खाली नव्हती.

"चिठ्ठी त्या पोरीने दिली?" मी दातओठ खात कुजबुजलो.

"हो. ती चाळीस माणसं कुणाची, तेही तिनेच सांगितलं." बाई समोरच बघत होती. "माझा नंबर लागला नाही, तो तुमच्यामुळे."

"ही आमच्या पेपरची जागा आहे."

"आणि तो माझा मुलगा आहे."

मी काही बोलायच्या आत न्यायाधीश आले. आरोपीला उभं केलं. "शिक्षा शेवटी सांगेन," ते म्हणाले, "आधी कारणं ऐका."

खुर्च्या खाडखाड वाजल्या. सात-आठ जण दाराकडे सुटले. बाईने माझी बाही घट्ट धरली.

"का पळाले हो सगळे? सुटला का तो?"

तिच्या आवाजात आशा होती, आणि मला तिचा भयंकर राग आला.

"सुटला नाही. फाशी."

"पण ते तर अजून काही म्हणालेच नाहीत."

"म्हणतील."

"मग तुम्हाला आधीच कसं कळलं?"

"गप्प बसा, बाई."

दाराबाहेरच्या मिनेगिशीला न्यायाधीशांचं वाक्य ऐकूच गेलं नसणार; आमचा पेपर सोडून सगळ्यांची बातमी एव्हाना गेली असणार. मला उठता आलं असतं. तिने बाही सोडली नव्हती खरी, पण हात झटकायला कितीसा वेळ लागतो? मी उठलो नाही. सव्वा तास ती एकेक कारण ऐकत राहिली. यातून काहीतरी वेगळं निघेल म्हणून मधेच पुढे झुकायची. मला ते बघवत नव्हतं.

शेवटी न्यायाधीशांनी फाशी सुनावली. तिने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ती माझ्याकडे बघत होती.