टपाची माया

"वता अजून! हात आखडता घिऊ नगा, कंपौंडर!"

कुशाबा शिंपी मोटारीत बसून ओरडत होते आणि मी स्टुलावर उभा राहून कापडी टपावर विहिरीचं पाणी ओतत होतो. ही सातवी बादली. कंपौंडर म्हणून नोकरीला लागलो तेव्हा मोटारीला आंघोळ घालावी लागेल, असं मला कोणी सांगितलं नव्हतं.

"गळतंय का?"

"न्हाई. वता."

पौडच्या दवाखान्यातली ही मोटार आमच्या डॉक्टरीणबाईंच्या वडिलांच्या वेळची. दुमडून मागे टाकता येणारा तिचा जुना टप अगदी चाळणी झालेला. मागच्या श्रावणात पावसाने बाईंना आणि औषधांच्या पेटीला एकदमच भिजवलं. बाई पंधरा दिवस तापाने आडव्या. तेव्हाच त्यांच्या भावाने मोटार विकायचं मनावर घेतलं, आणि पुण्याचं गिऱ्हाईक या रविवारी येणार होतं. मोटार गेली की बाईंचं मालेकडच्या गावांना जाणं संपलं. आणि कुशाबांची लेक गंगू मालेलाच दिलेली. सातवा महिना होता तिला. पहिल्या खेपेला बैलगाडीतून दवाखान्यात आणेपर्यंत उशीर झाला, मूल गेलं. कुशाबांच्या घरात बाईमाणूस नाही, म्हणून ही खेपही सासरीच.

"टप मी शिवतो, बाईसाहेब," ते म्हणाले होते. "पर मोटार इकू नगा."

जन्मभर पोरांच्या चड्ड्या आणि म्हाताऱ्यांच्या बंड्या शिवलेला हा माणूस! मी तर तोंडावरच हसलो. त्यांनी जुना टप उसवला, दोनदा भिजवून वाळवलेलं जाड कापड त्या मापाने बेतलं आणि शिवणीत चांगली चार बोटं जादा कापडाची माया सोडून आत दुमडली.

"अहो कुशाबा, टप आहे हा, पोराची विजार नव्हे! वाढायचा नाही तो."

"आसूं द्या. माया सोडल्याबिगर माजा हात चालत न्हाई."

दहा बादल्या झाल्या. आत थेंब नाही. टप काढून रात्रभर पडवीत वाळत टाकला आणि शनिवारी सकाळी पुन्हा चढवला, तर पुढच्या काचेच्या चौकटीला दोन बोटं कमी! मी ओढला, कुशाबांनी ओढला, बाईंनीही पदर खोचून ओढला. कापड आटलं होतं.

"राहू द्या, कुशाबा," बाई म्हणाल्या. "तुम्ही फार केलंत."

माझ्या तोंडावर थट्टा आली होती, पण त्यांचा चेहरा पाहिला आणि गिळली.

"लबाड निगालं कापड," कुशाबा म्हणाले. "मला आजचा दिस द्या, बाईसाहेब. टप काढा रं खाली."

रं! मला, कंपौंडरला! पण मी निमूटपणे काढला. ओट्यावर बसून त्यांनी आडवी शिवण उसवली, आतली माया मोकळी केली आणि दाभणाने हातशिलाई घालत राहिले. जुन्या टाक्यांची भोकं उघडी पडली, ती त्यांनी मेण घासून बुजवली. जेवायलाही उठले नाहीत. दिवस कलता कलता टप पुन्हा चढवला. पुढची कडी खट्‌कन बसली आणि वर एक सुरकुती राहिली नाही. खरं सांगतो, मला माझीच लाज वाटली.

रविवारी पुण्याचा माणूस आला. बाईंनी त्याला चहा पाजला आणि मोटार विकायची नाही म्हणून सांगितलं.

श्रावणात एके सकाळी मालेहून गंगूचा दीर चिंब होऊन धावत आला. पहाटेपासून कळा येताहेत, सुटका होत नाही. बाईंनी पेटी उचलली, तोवर कुशाबा मागच्या सीटवर जाऊन बसलेसुद्धा. बाहेर पाऊस असा कोसळत होता की समोरचं पिंपळाचं झाड दिसेना. मी दिवसभर आत-बाहेर करत होतो.

चारच्या सुमाराला मोटार आली. चाकावर बाई, शेजारी गंगूची सासू, तिच्या मांडीवर गाठोड्यातलं बाळ. मागच्या सीटवर आडवी निजवलेली गंगू.

"मुलगी झाली," बाई म्हणाल्या. "हिला टाके घालायला हवेत. पाणी उकळायला ठेव."

"आणि कुशाबा?"

"जागा कुठे होती? बाळाचं तोंडही न बघता, तुम्ही व्हा पुढे, मी चालत येतो म्हणाले."

गंगूला उतरवताना पाहिलं, लुगडं कोरडं ठणठणीत. एवढ्या वेदनांतही ती मला म्हणाली, "आबाला सांगा, येक थेंब पडला न्हाई."

साडेतीन कोस तुडवून कुशाबा दिवेलागणीला आले. मी धावत पुढे झालो. "दोघी सुखरूप आहेत! आणि गंगू म्हणाली, एक थेंब पडला नाही."

म्हाताऱ्याला हुंदका आवरेना. मलाही आवरला नाही.

"चला आत. नात बघा."

त्यांनी स्वतःच्या धोतराकडे पाहिलं. पायाशी पाण्याचं तळं झालं होतं.

"वल्या अंगानं बाळापाशी कसा जाऊ? हितनं, खिडकीतनं दिसतंय की."

मी आत जाऊन कंदिलाची वात मोठी केली. गंगूने बाळाचं तोंड खिडकीकडे वळवलं. बाहेर पागोळ्यांखाली कुशाबा गजांना धरून उभे होते, आणि पाणी त्यांच्या टोपीवरून खांद्यावर गळत होतं.