एक जादा ‘त’

मी शाळेच्या ऑफिसात क्लार्क. टायपिंग माझं मीच शिकलो. दोन बोटांनी, पण भरभर. सहा महिने नोकरीत कच्चा होतो, शुक्रवारी पक्का होणार होतो. आणि बुधवारीच हे झालं.

शाळा मिशनची. प्रार्थनेच्या हॉलमध्ये क्रूसाखाली शाळेची तीन मूल्यं लिहिलेली असतात. जुना बोर्ड वाळवीनं खाल्ला, म्हणून तीन महिन्यांपूर्वी भिंतीवरच रंगवून घेतली. पेंटरला मजकूर मीच टाइप करून दिला. सत्य, सेवा, क्षमता.

बुधवारी सकाळी उपमुख्याध्यापक आले. गणित शिकवतात. पोरं त्यांना त्रिज्या सर म्हणतात, कारण ते सगळ्यांपासून सारख्याच अंतरावर असतात.

“हे टाइप कर. बाराच्या आत सिस्टरांची सही हवी.”

दहावीच्या एका मुलीला काढून टाकायचं पत्र. सराव परीक्षेत कॉपी करताना सापडली होती. कारण असं होतं: ‘शाळेच्या तिसऱ्या मूल्यानुसार क्षमता हा प्रवेशाचा पाया आहे. सदर विद्यार्थिनीने ती नसल्याचे स्वतः सिद्ध केले आहे.’

“मुद्दा भारी आहे की नाही?” सर म्हणाले. “भिंतीवरच लिहिलंय. कोण काय बोलणार?”

सर गेले. मी ‘क्षम’ एवढंच दाबलं आणि कॉम्प्युटरनं खाली आपणहून ‘क्षमता’ काढून दिलं. बोटं तिथंच थांबली. कपाट उघडलं, जुनं माहितीपत्रक शोधलं. सत्य, सेवा, क्षमा.

तो जादा ‘त’ माझा होता.

उठलो. बसलो. पाणी प्यायलो, परत उठलो. बाहेर बाकावर मुलीची आई बसली होती, कामावरच्या एप्रनमध्येच, पिशवी मांडीवर घट्ट धरून. शेजारी मुलगी, मान खाली. शुक्रवारपर्यंत गप्प बसलो तर काय बिघडतंय, असं डोक्यात आलं. पण जिचं बिघडणार होतं ती समोरच बसली होती. माहितीपत्रक घेतलं आणि आत गेलो.

“सिस्टर, हॉलमधल्या भिंतीवरचं चुकलंय. क्षमता नाही, क्षमा आहे. माझ्या हातून झालं.”

सिस्टर आमच्या मुख्याध्यापिका, शाळेत नव्या, भिंत रंगवली त्याच महिन्यात आलेल्या. त्यांनी वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं.

“म्हणजे तीन महिने मी रोज मुलांकडून क्षमतेसाठी प्रार्थना करून घेतेय? आणि कुणी बोललं नाही?”

त्रिज्या सर पत्रासाठी दारात आलेच होते. “मला वाटलं, तुम्ही आल्यावर बदललं.”

“तुम्ही इथं पंधरा वर्षं आहात, सर.”

“म्हणूनच. प्रत्येक बदलाला का म्हणून विचारत बसलो असतो, तर शिकवलं कधी असतं?” सर दोन पावलं आत आले. “पण सिस्टर, कॉपी ती कॉपीच. उद्या सगळे क्षमा मागत येतील.”

“येऊ देत. क्षमा म्हणजे मार्क नव्हेत. हा पेपर शून्य. परत देईल, तुमच्यासमोर बसून. नाव काढायचं नाही.”

“मग बाकीच्या शिक्षकांना काय सांगू?”

“सत्य सांगा. ते तरी भिंतीवर बरोबर लिहिलंय.”

सर गेले. मी तिथंच, हात कुठं ठेवावेत ते कळेना.

“सिस्टर, माझं शुक्रवारचं...”

“शुक्रवारचं शुक्रवारी. तुला क्षमाही लागणार आहे आणि क्षमताही. आधी त्या आईला सांग. पत्र कशावरून निघत होतं तेही सांग. काही गाळू नकोस.”

बाहेर आलो. मला बघून आई उभी राहिली. सगळं सांगितलं, एका दमात.

“म्हणजे एका अक्षरावरून माझी पोर घरी बसली असती?”

“हो.”

“भाऊ, टाइप केल्यावर परत वाचत नाही का तुम्ही?”

“वाचतो.”

“मग?”

तिनं पिशवी खांद्याला अडकवली आणि चालायला लागली. मुलगी मात्र जागची हलली नाही.

“पेपर कधी आहे?”

ते मला माहीत नव्हतं. विचारायला परत आत गेलो.