घरामागचं पाणी

“हा कॅन इथे कोणी ठेवला?” प्राचार्यांनी विचारलं.

“मी,” कलावतीबाई म्हणाल्या. “आमच्या घरामागच्या नाल्याचं पाणी आहे. सकाळीच भरलं.”

डोंबिवलीच्या त्या कॉलेजात कलावती भोईर सव्वीस वर्षं रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये मदतनीस होत्या. गेली दोन वर्षं त्या तिथल्या प्राध्यापक क्षिप्रा मॅडमच्या प्रयोगाचं सगळं बघत. मॅडमनी काचेच्या पट्ट्यांवर एक पांढरा लेप चढवला होता. त्यावर उजेड पडला की पाण्यात विरघळलेली अँटिबायोटिक औषधं नष्ट व्हायची. आज एका औषध कंपनीचे दोन साहेब ते बघायला यायचे होते. पसंत पडलं तर कारखान्याच्या सांडपाण्याला हाच उपाय, आणि कॉलेजला नवी लॅब.

टेबलावर शुद्ध पाणी तयार होतं, त्यात औषध मोजून मिसळलेलं. त्या पाण्यात पट्ट्या शंभरातलं नव्वद औषध संपवत.

“कॅन बाहेर न्या, बाई.”

“नेते, सर. पण मी काय बोलते, कंपनीतनं नाल्यात पाणी असं चकाचक येतं का? नाल्यात गाळ आहे, साबण आहे, रंग आहे. पट्टी तिकडेच लावायची ना?”

“तुमचं काम भांडी धुण्याचं आहे.”

“तेच करते. म्हणून तर मला ठाऊक आहे, नाल्याच्या पाण्यातनं पट्टी कशी बरबटून निघते ते.”

गेल्या वर्षी त्यांचा मोठा भाऊ पंढरी गेला. नाल्याकाठच्या भाजीच्या वाफ्यात पाय कापला आणि जखम चिघळली. इस्पितळात चार औषधं बदलली, एकही लागू पडलं नाही. जंतू औषधाला सरावलेत, असं डॉक्टर म्हणाले. कुठे सरावले, हे त्यांनी सांगितलं नव्हतं.

क्षिप्रा मॅडम टेबलापाशी उभ्या राहून ऐकत होत्या. आता त्यांनी शुद्ध पाण्याचं भांडं बाजूला सारलं.

“बाईंचं पाणी घेऊ, सर.”

“मॅडम, विचार करा.”

“केलाय.”

साहेब आले. दिवा दोन तास जळला. यंत्रात आकडा आला चौतीस; शंभरातलं चौतीसच औषध संपलं होतं. साहेबांनी चहा अर्धाच घेतला, कळवतो म्हणाले, आणि कळवलं नाही.

सोमवारी कलावतीबाईंची बदली सामानाच्या भांडारात झाली. त्यांनी कागदावर सही केली आणि विचारलं, “ड्युटी सुटल्यावर लॅबमध्ये यायला मनाई नाही ना?”

प्राचार्यांनी आदेश पुन्हा वाचला. तसं कागदावर कुठे लिहिलेलं नव्हतं.

त्या रोज साडेपाचला येऊ लागल्या. आधी पाणी वाळूतून गाळून पाहिलं. मग मॅडमनी लेप बदलला, पुन्हा बदलला. चौतीसचे एक्केचाळीस झाले. चौथ्या महिन्यात अठ्ठावन्न.

मॅडम अहवाल टाइप करायला बसल्या. ‘पाण्याचा स्रोत : नाला.’

“नाला नका लिहू,” मागून कलावतीबाई म्हणाल्या. “नदी आहे ती. खापरी. आमची आय तिच्यात कोळंबी धरायची.”

“नकाशावर तसं नाव नाहीये, बाई.”

“नसेल. मी सांगते ना.”

मॅडमनी ‘नाला’ पुसून ‘खापरी नदी’ लिहिलं. खाली नमुना आणणाऱ्याचं नावही घातलं : ‘कलावती भोइर’.

कलावतीबाईंनी चष्मा लावून दोन्ही ओळी सावकाश वाचल्या.

“भोईरमधला ई मोठा,” त्या म्हणाल्या. “तो नीट करा.”