बोंबलांशेजारी वाळलेला कागद

मित्रांनो, रत्नागिरीच्या बंदराजवळ मासळी गोठवण्याचा एक कारखाना आहे. त्याच्या ऑफिसात खिडकीखालच्या टेबलावर बसलेली राखाडी पेटी म्हणजे मी. मी लेझर प्रिंटर आहे, आणि जुना आहे.

माझा जन्म परदेशातला. पंच्याऐंशी साली मी बोटीने याच कंपनीच्या मुंबईच्या हेड ऑफिसात आलो. तिथे माझ्यासाठी गार हवेची काचेची खोली होती. माझ्या पोटातून पहिला कागद बाहेर पडला तेव्हा पेढे वाटले गेले आणि कोणीतरी माझ्या झाकणावर कुंकवाचं बोट टेकवलं. पाहुणे आले की आधी मला दाखवत, मग चहा विचारत. पुढे माझ्याहून हलका आणि चपळ असा नवा प्रिंटर आला. मला गोणपाटात गुंडाळलं आणि मासळी उतरवून रिकाम्या परतणाऱ्या गाडीत चढवलं. तेव्हा माझी जेमतेम चार वर्षं झाली होती. पण यंत्राचं वय वर्षांवर नसतं, त्याला किती राबावं लागलं त्यावर असतं.

रत्नागिरीत मला हिरा भेटली.

हिरा इथल्याच मांडवीची. आधी ती याच कारखान्याच्या शेडमध्ये कोळंबी सोलायची. संध्याकाळी टायपिंग शिकली, परीक्षा दिली आणि कंपनीच्या इथल्या भागीदारांनी, म्हणजे गंगारामशेठनी, तिला ऑफिसात घेतलं. बर्फातल्या कोळंबीने तिच्या बोटांची कातडी जाड झाली होती. पण त्या बोटांइतक्या हलक्या हाताने मला मुंबईतही कोणी उघडलं नव्हतं.

मासळीची गाडी मुंबईला निघायची तेव्हा खोक्यांची यादी आणि बिलं मी छापून द्यायचो. काम तसं सरळ आहे. रबरी रूळ एक कागद ओढतो, ड्रम त्यावर काळी पूड बसवतो आणि शेवटचे गरम रूळ ती पूड भाजून पक्की करतात. वाटेत कागद अडला की मी थांबतो आणि माझ्या छोट्या खिडकीत तेरा हा आकडा उमटतो.

रत्नागिरीतल्या पहिल्याच वर्षी तो आकडा सारखाच दिसू लागला. कधी दोन-तीन कागद एकमेकांना चिकटून आत शिरत. कधी कागद गरम रुळांपर्यंत जाऊन जिलबीसारखा वळे. हिरा बटण बंद करी, झाकण उचली आणि अडलेला कागद तो ज्या दिशेने जात होता त्याच दिशेने, दोन्ही हातांनी, अलगद सोडवी. तुकडा मागे राहू देत नसे. पुन्हा बटण दाबी. पुन्हा तेरा.

शेडची मुकादमीण गोदूबाई खिडकीत डोकावून म्हणायची, "काय गो हिरा, परत खाल्लान वाटतं कागद? ये परत शेडमध्ये. कोळंबी तरी अशी अडत नाय!"

मुंबईहून इंजिनिअर आले. स्वभावाने भले गृहस्थ. त्यांनी माझे रूळ पुसले, झिजलेलं रबर बदललं, बॅगेतून आपले कागद काढले आणि माझ्यात घातले. मी एकदाही अडलो नाही. ते चहा पिऊन गेले. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा अडलो.

यावरून गंगारामशेठनी जो निष्कर्ष काढला, तो त्यांच्या जागी कोणीही काढला असता. यंत्र नीट आहे. चालवणारी नीट नाही.

"हे बघ हिरा," एक दिवस गाडी भरायला लागली तेव्हा ते म्हणाले, "मुंबईवाले बिलांचे कागद तिकडंच करतो म्हणतायत. आज गाडी निघायच्या आत सगळं छापून झालं, तर मी त्यांना थांबवीन. नाही झालं, तर हे मशीन परत पाठवायचं."

"आणि मी, शेठ?"

 शेठनी खिडकीतून शेडकडे पाहिलं. तेवढं पुरे होतं.

आता एक गोष्ट सांगायला हवी. या कारखान्यात सगळ्यांची एकाच गोष्टीवर श्रद्धा होती, ती म्हणजे थंडी. थंडीत काही बिघडत नाही. म्हणून शीतगृहाच्या पहिल्या खोलीत मासळीखेरीज काय काय असे! शेठची विड्याची पानं, कोणाच्या मुलीच्या लग्नाचे पेढे, एकदा तर कोणाच्या सासूचा गजरा. समुद्राच्या हवेने कागद फुगतो, त्याला कसर लागते, हे पाहून हिराने कागदाचे गठ्ठेही तिथेच नेऊन ठेवले होते. शेठनी तिचं कौतुक केलं होतं: "पोरीला जपणूक कळते."

रोज सकाळी विठू शिपाई तिथून गठ्ठा आणायचा. अदबीचा माणूस. गठ्ठ्यावरचं पाणी खांद्यावरच्या पंचाने पुसूनच तो टेबलावर ठेवी. त्याच्या त्या अदबीमुळे हिराला कधी काही दिसलंच नाही.

त्या दिवशी विठू गावी गेला होता. माझ्यातला कागद संपला तेव्हा हिरा स्वतः शीतगृहात गेली आणि गठ्ठा छातीशी धरून धावत परत आली. ऑफिसच्या दारात ती थबकली. तिच्या चष्म्याच्या दोन्ही काचा पांढऱ्याफटक झाल्या होत्या. तिला समोरचं काही दिसेना. तिने चष्मा पदराला पुसला, घातला, आणि मग हातातल्या गठ्ठ्याकडे पाहिलं. वेष्टनावर थेंब उभे होते.

"काचेला घाम येतो," ती स्वतःशीच म्हणाली, "मग कागदाला का नाही येणार?"

तिने गठ्ठा फोडला आणि वरचा कागद गालाला लावला. मग मधला लावला. दोन्ही दमट होते. बाहेर गाडीवाल्याने हॉर्न दिला. हिरा गठ्ठा उचलून उलट दिशेला पळाली.

पुढचं मी पाहिलेलं नाही. भिवाकाका नंतर ऑफिसात येऊन ते रंगवून सांगत, त्यातून मला कळलं. भिवाकाका शीतगृहाची यंत्रं सांभाळत. जिथे थंडी तयार होते तिथे मागच्या बाजूला गरम, कोरडी हवा बाहेर पडते. त्या हवेत काकांनी दोरी बांधली होती आणि दोरीवर बोंबील वाळत असत.

"काका, तुमचे बोंबील जरा सरकवा."

"का गो? शेठला वास गेला काय?"

"कागद वाळत घालायचेत."

काका तिच्याकडे बघतच राहिले. "बोंबील वाळवतात, सुकट वाळवतात. कागद वाळवणारी तू पयलीच बघितली."

"हसा नंतर. आधी सरकवा!"

"सरकवतो, सरकवतो. पण माझा एखादा बोंबील त्या कागदांबरोबर मुंबईला गेला, तर शेठला तू सांगायचं."

दोघांनी मिळून कागद थोडे थोडे सुटे करून दोरीवर टाकले, चाळवले, उलटवले. ते परत आणले तेव्हा नवीन पापडासारखे कडक वाजत होते. हिराने त्यांच्या कडा जुळवल्या, माझ्या आतली सांडलेली पूड कोरड्या फडक्याने टिपली, रबरी रूळ पुसला आणि ट्रे आत सरकवला. गंगारामशेठ दारात येऊन उभे राहिले. गोदूबाई खिडकीत होती. 

मित्रांनो, मी पहिला कागद ओढला. एकच. तो ड्रमखालून गेला, गरम रुळांत शिरला आणि सपाट, काळ्याभोर अक्षरांनिशी बाहेर पडला. मग दुसरा. मग मी थांबलोच नाही. शीतगृहाचं यंत्र सुरू झालं, दिवे क्षणभर मंदावले. तरी मी थांबलो नाही. खोक्यांची यादी झाली, बिलं झाली, प्रती झाल्या. मुंबईच्या काचेच्या खोलीतही मी असा चाललो नव्हतो.

शेठनी वरचा कागद उचलला, वाचला, मग नाकाशी नेला.

"हिरा, याला बोंबलाचा वास येतोय."

"शेठ, आपण मासळीच विकतो ना?" हिरा म्हणाली. "अत्तर तर नव्हे!"

पहिली हसली ती गोदूबाई. मग शेठ असे हसले की त्यांना खुर्चीत बसावं लागलं. गाडी ठरल्या वेळी फाटकाबाहेर पडली. शेठनी मुंबईला फोन लावला आणि आमच्यासमोरच सांगितलं, "कागद इथंच होतील. मशीन इथंच राहील. आणि आमची ऑपरेटरही इथंच राहील. नाही, नाही, तिचा हात चांगलाच आहे, कागद दमट होता. चूक माझी झाली."

मग ते उठले आणि मासळी आणि विड्याची पानं सोडून बाकी सगळं शीतगृहातून बाहेर काढायला त्यांनी सांगितलं.

हिराने मग माझ्या टेबलाशेजारी एक लाकडी कपाट करून घेतलं. त्यात खाली विजेचा एक दिवा सतत पेटता असतो आणि कागद कोरडा राहतो. बोंबील पुन्हा आपल्या दोरीवर सुखी आहेत. आता गावातल्या दुसऱ्या ऑफिसांतून, चिपळूणहूनसुद्धा, हिराला बोलावणी येतात. ती एस.टी.ने जाते. आपलं यंत्र किती वाईट आहे ते लोक तिला सांगू लागतात. ती सगळं ऐकून घेते आणि विचारते, "कागद कुठं ठेवता?" पुष्कळदा तिला झाकण उघडावंही लागत नाही. ती परतते तेव्हा पदर खोचून, मान ताठ ठेवून माझ्यापुढे बसते आणि आम्ही कामाला लागतो.

मित्रांनो, तुमच्या घरीदारी एखादं जुनं यंत्र अडलं तर त्याला थापट्या मारू नका, अडलेलं हिसकून ओढू नका, आणि ते चालवणाऱ्यावर लगेच रागावू नका. आधी बटण बंद करा. मग आपण त्याला काय खायला घालतो आहोत ते हात लावून बघा. जुन्या यंत्रावर दया करायची गरज नसते. आम्हाला कोरडा कागद द्या आणि बाजूला उभे राहून बघा.